कडी मात्र हुबेहूब

समोरच्या दुकानापुढे गिऱ्हाइकांची गर्दी झाली, की आपल्या दुकानातला पंखासुद्धा कुरकुरायला लागतो. तसा तो आधीही कुरकुरतच असतो, पण आपलं बरं चाललेलं असतं तेव्हा ते कानावर येत नाही. तुम्ही-आम्ही सगळेच या रोगाचे पेशंट. कुणाचा अंगावर दिसतो, कुणाचा पोटात राहतो. वसमतच्या शिवशंकरचा पोटात होता.

शिवशंकरचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॉल्यांची डागडुजी आणि हंगामात हळद शिजवायचे कुकर. शेतातून काढलेली ओली हळद आधी वाफेवर शिजवायची, मग उन्हात वाळवायची, मग पॉलिश करायची. शिजवणं बिघडलं, की पुढच्या सगळ्या कष्टांवर पाणी! म्हणून कुकर कुणाचा घ्यायचा, हे आपला शेतकरी सोयरीक जुळवावी तशी चौकशी करून ठरवतो. शिवशंकरचे कुकर साधे असत, पण हात चांगला होता आणि वडिलांपासून चालत आलेलं नाव होतं.

समोर विकास राठोडचं वर्कशॉप. दोघं आयटीआयला एका बाकावर बसलेले. तांड्यावरून सायकल हाणत येणारा विकास तेव्हा शिवशंकरच्या ड्रॉइंगमध्ये डोकावून रेषा मारायचा. ही गोष्ट शिवशंकर स्वतः विसरला नव्हता आणि दुसऱ्यालाही विसरू देत नव्हता.

मधली काही वर्षं तर शिवशंकरची मजेत गेली. विकासच्या डोक्यात किडा शिरला होता. कुकरचा ड्रम मोठा केला की कडेची हळद गळून जाते आणि मधली कच्ची राहते. लहान ठेवला की दिवस सरतो आणि सरपण जळतं. यावर काहीतरी काढायचंच, असं ठरवून त्यानं गेट-जाळ्यांची कामं घेणं सोडलं. पत्रा आणायचा, ड्रम बनवायचा, आईच्या शेतातली हळद त्यात शिजवून बघायची, फसलं की ड्रम कापून पुन्हा नवा. त्याची सुटलेली गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून शिवशंकरकडे येत. "येडं झालंय ते पोरगं," असं म्हणत शिवशंकर त्यांना चहा पाजायचा.

आणि मागचा हंगाम संपता संपता विकासचा कुकर जमला! ड्रम चांगला घेरदार, सरपण निम्मं, आणि हळद काठापासून गाभ्यापर्यंत सारखी शिजलेली. विकासनं कुकर कुणाला दाखवला नाही, ताडपत्रीखाली झाकून ठेवला. फक्त शिजलेली हळद दाखवली. तेवढ्यावर पुढच्या हंगामासाठी हट्ट्यापासून पार कनेरगाव नाक्यापर्यंतचे शेतकरी नंबर लावायला त्याच्या दारात येऊ लागले. शिवशंकर शटरच्या सावलीत बसून ते बघायचा. कोण आलं, किती वेळ बसलं, हसत गेलं की गंभीर होऊन गेलं, सगळं त्याला पाठ. आपल्या दुकानाचा हिशेब त्यानं कधी इतक्या बारकाईनं ठेवला नव्हता.

त्यातच एका यूट्यूब चॅनेलवाल्यानं विकासची मुलाखत घेतली. शिवशंकरची बायको मंजुषा जेवताना मोबाइलवर ती लावून बसली.

"तुमच्या वर्गातलेच नं हे विकासभाऊ? किती साधं बोलतात! लिवलंय बघा खाली, युवा संशोधक."

"संशोधक?" शिवशंकरनं घास ताटात टाकला. "माजं ड्रॉइंग बघून पास झालंय ते! बंद कर. आन् भाजीत मीठ किती टाकलंय?"

मंजुषानं भाजी चाखली. मीठ बरोबर होतं. तिनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि मोबाइल बंद केला.

खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी कारागीर हत्यारांना हात लावतो तो पूजेपुरता. हातोड्या, पाने, वेल्डिंगचा होल्डर, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडायचं, यंत्रांना झेंडूच्या माळा घालायच्या. शेजारच्याच्या दुकानात जाऊन हात जोडायचे, प्रसाद घ्यायचा. त्या दिवशी कुठल्याच वर्कशॉपला दार नसतं. विकासनंही ताडपत्री काढली होती. कुकर धुऊन, माळा घालून अंगणात उभा होता.

शिवशंकर हातात माळ घेऊन गेला. "मी बी एक माळ घालतो," म्हणाला. माळ घालता घालता त्यानं विती टाकून ड्रमचा घेर मोजला. आत डोकावला, तर ड्रम रिकामा. बुडाला एक भोक होतं. धुण्याचं पाणी जायला असेल. बाहेरच्या बाजूला मात्र एक जाडजूड लोखंडी कडी वेल्ड केलेली होती. एवढी मजबूत कडी, आणि कुकरच्या नेमक्या कमरेत! शिवशंकरचे डोळे चमकले. गुपित म्हणतात ते हेच! त्यानं पूजेचा म्हणून फोटो काढला आणि त्यात कडी बरोबर मधोमध घेतली.

विकासची आई नानीबाई पाटाजवळ बसली होती; विकास तिला याडी म्हणायचा. पाटावर हत्यारांच्या मधोमध एक हातभर लांबीची नळी होती, झेंडूच्या माळेत गुंडाळलेली, हळदीकुंकवानं माखलेली.

"बापू, तिला बी कुंकू लाव," नानीबाई म्हणाली.

शिवशंकर मनातल्या मनात हसला. तांड्यावरची माणसं! चुलीची फुंकणीसुद्धा पुजतात. तरी त्यानं अंगठ्यानं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, वाकून नमस्कार केला आणि बत्तासा तोंडात टाकून परत आला.

त्या दिवसानंतर शिवशंकरनं दुसरी कामं बाजूला सारली. विकासच्या आधी बाजारात उतरायचं, हे एकच वेड. तोच घेर, तीच उंची, बुडाला तेच भोक. त्या भोकाला त्यानं आपलं डोकं लावून घट्ट बूच बसवलं, म्हणजे वाफ वाया जायला नको. आणि कडी तर अशी हुबेहूब, की विकासची आईसुद्धा फसावी! संक्रांतीपर्यंत कुकर रंगवून दारात उभा राहिला. येणारेजाणारे थांबून विचारत, "ही कडी कशापायी हो?" शिवशंकर गंभीर चेहऱ्यानं सांगे, "वाफेचा तोल राखायला."

एक दिवस रत्नपाल सर आले. आयटीआयचे निवृत्त निदेशक. विकास आणि शिवशंकर दोघंही त्यांच्याच हाताखाली शिकलेले. सरांनी कुकरभोवती एक फेरी मारली, ड्रममध्ये डोकावून पाहिलं, कडीवर बोटानं टिचकी मारली.

"विकासची परवानगी घेतलीस का रे?"

"परवानगी कशाची सर? लोखंड काय त्याच्या बापाचं हाय? ऊस गाळायचा घाणा कुनाच्या नावावर हाय? वखर कुनाच्या नावावर हाय? एकानं केलं, धा जनानं बघून केलं. असंच चालत आलंय."

सर स्टुलावर बसले. "वखर कुणी काढला ते आता कुणालाच माहीत नाही, तो सगळ्यांचा झाला. पण हा कुकर कुणी काढला ते तुला चांगलं माहीत आहे. ज्या वर्षांत तो ड्रम कापत होता, त्या वर्षांत त्याची गिऱ्हाइकं कुणाकडे होती?"

शिवशंकर फडक्यानं कडी पुसायला लागला.

"हे बघ. फसलेल्या ड्रमांचा खर्च पडतो तो पहिल्याला. तुला फक्त शेवटच्या ड्रमचा पत्रा लागला. मग तू स्वस्तात विकणारच, गिऱ्हाईक तुझ्याकडे येणारच. पहिला बसला घरी! उद्या दुसऱ्या कुणाला काही नवं सुचलं, तर तो म्हणेल, मी कशाला वर्षं घालवू? शिवशंकरला करू दे, मी बघून करीन. आणि शिवशंकर म्हणेल, त्याला करू दे. सगळेच एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले, तर नवं काढायचं कुणी? म्हणून सरकारनं पेटंट ठेवलंय. विकासनं अर्ज केलाय, मीच मदत केली."

"म्हंजे सोताचंच घोडं पुढं! शोध लावला तर लोकांना द्यावा की. आमच्या गावात पेरायचं बी मागितलं तर कुनी न्हाई म्हनत न्हाई."

"बरोबर बोललास! बी मागतात. मागणारा दारात येऊन उभा राहतो. तू विकासच्या दारात मागायला गेला होतास का?"

शिवशंकरचे कान तापले. सर पुढे म्हणाले, "आणि पेटंटमध्ये लपवाछपवी नसते. काय केलं, कसं केलं, हे सगळं त्यानं लिहून द्यायचं असतं. वर्ष-दीड वर्षात ते छापून येईल, तुलाही वाचता येईल. वीस वर्षांनी ते वखरासारखं सगळ्यांचं. तोपर्यंत ज्याला बनवायचंय त्यानं त्याला विचारावं, त्याचा वाटा द्यावा आणि उजळ माथ्यानं बनवावं. दोघंही जगतात."

जाताना सर दारात थांबले. "शिवशंकर, तुझ्या कुकरमध्ये एक गोष्ट राहिलीय. ती मी सांगू शकत नाही, विकासचा विश्वास आहे माझ्यावर. तूच त्याला जाऊन विचार. पण विचारल्याशिवाय हा कुकर कुणाच्या शेतावर नेऊ नकोस."

सरांची पाठ वळली आणि शिवशंकर बडबडला, "लाडका चेला पडला नं! म्हनून भीती दाखवून राहिलेत." बघा, मत्सराचं असं असतं. तो डोळे फोडत नाही, डोळ्यांना हवं तेवढंच दाखवतो.

शिवशंकरची मोठी बहीण गोजरबाई हट्ट्याला दिलेली होती. आई गेल्यापासून तीच त्याला आईच्या ठिकाणी. तिच्या शेतातली हळद वसमतच्या मोंढ्यात व्यापारी लांबून ओळखत. ढिगात हात घालायच्या आधीच बोली चढायची. यंदा तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, ग्यानबानं, सगळ्या रानात हळदच केली होती. ती निघाली की मुलीला, सृष्टीला, नर्सिंगला धाडायचं, हे घरात पक्कं झालं होतं. ग्यानबानं विकासकडे कुकरसाठी नंबरही लावला होता, अगदी वरचा.

हे कळल्यावर शिवशंकर त्याच दुपारी हट्ट्याला पोचला.

"अक्का, भाऊ मेलाय का तुजा? घरचा कुकर दारात उभा असताना दाजी तांड्यावरच्या पोराकडं नंबर लावतेत. लोक काय म्हनतील?"

"तसं न्हाई रे शिवा. त्याची शिजवलेली हळद बघितली व्हती यांनी."

"माजा कुकर त्याच्याहून चांगला हाय. तोच घेर, वर वाफ जराबी वाया जात न्हाई. काढून घ्या नंबर."

ग्यानबाच्या मनात नव्हतं. पण गोजरबाई म्हणाली, "भावाचं मन मोडाया न्हाई पाहिजे." नंबर गेला. तो दुसऱ्या कुणाला मिळाला आणि विकासची यादी पुढे सरकली. सरांचं बोलणं शिवशंकरला आठवलं नाही असं नाही. ते आठवलं आणि त्यानं ते दाबून टाकलं.

शिवरात्र झाली. गोजरबाईच्या शेतात हळद काढून ढीग लागले. शिवशंकरनं ट्रॅक्टरला जोडून कुकर आणला, नारळ फोडला, भट्टी पेटवली. अख्खं गाव बघायला जमलं. वाफ सुटली, हळदीचा वास सुटला. शिवशंकरची छाती फुगली. पहिला ड्रम, दुसरा ड्रम, दिवसभर काम चाललं. ताडपत्रीवर पिवळाधमक सडा पडला. गोजरबाईनं भावावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सड्यावरून फिरत होती. सवयीनं एक हळकुंड उचललं आणि मधोमध मोडलं. बाहेरून पिवळं, आत पांढरट कच्चा गाभा! दुसरं मोडलं, तेही तसंच. तिसरं उचललं, ते हातातच गळून गेलं. ती खाली बसली. बसल्या बसल्या मोडतच राहिली.

"शिवा, हे काय झालं रे?"

शिवशंकरनं भट्टीत सरपण वाढवलं, वेळ वाढवला. पुढच्या ड्रममधली कडेची हळद लापशीसारखी झाली, मधली मात्र तशीच कच्ची. त्यानं कडीला हात लावून बघितलं, वर-खाली हलवली, दोनदा ठोकली. कडी बिचारी काय करणार? सृष्टी चहा घेऊन आली आणि मामाचा चेहरा बघून चहा तसाच घेऊन परत गेली. अजून निम्म्याहून जास्त हळद ढिगात ओली पडून होती. ऊन वाढत होतं. दोन-तीन दिवसांत ती शिजली नाही, तर सुकून तिचं वजन जाणार, रंग जाणार, आणि मोंढ्यात गोजरबाईचं नाव जाणार. ग्यानबानं डोक्याचा रुमाल काढून झटकला आणि पुन्हा बांधला.

शिवशंकरनं सरांना फोन लावला.

"सर, काय राहिलंय ते सांगा. पाया पडतो तुमच्या."

"माझ्या नको पडू. तुझ्या दुकानासमोरच तर राहतो तो! रस्ता ओलांड."

"त्याच्या दारात मी जाऊ?"

"शिवशंकर," सरांचा आवाज कडक झाला, "तुझी ऐट वाचवायची का बहिणीची हळद? दोन्ही नाही वाचणार!"

मोटारसायकलवर हट्ट्याहून वसमतला येताना शिवशंकरनं मनात निदान चार प्रकारे बोलणं जुळवलं. एकातही 'मी नक्कल केली' हे शब्द नव्हते. पण विकासच्या अंगणात पाय ठेवला आणि सगळं विसरला. विकास ग्राइंडर चालवत होता. त्यानं वर बघितलं, ग्राइंडर बंद केला.

"ये संशोधक," विकास म्हणाला. "वाफेचा तोल काय म्हनतो?"

शिवशंकरची मान खाली गेली. "अक्काची हळद नासली, इकास. निम्मी राहिलीय. काहीतरी सांग."

"काहून सांगू?" विकास एकदम उसळला. "इतकी वर्षं याडीच्या शेतातली हळद नासवली म्या. ती रडायची आन् दुसऱ्या साली पुन्हा ढीग पुढं करायची. तुज्या दुकानात लोक मला येडा म्हनायचे, तू चहा पाजायचा. कानावर यायचं समदं! आमच्या अंगणात पूजेला आला आन् माळ घालायच्या नावानं विती टाकल्या. मला दिसत नव्हतं व्हय? खंडेनवमीच्या दिवशी कुनाला हाकलावं का, म्हनून गप बसलो. आन् तुज्या बहिणीचा नंबर माज्याकडं होता रे! तूच काढायला लावला."

"समदं खरं हाय," शिवशंकर म्हणाला. "तू बराबर होता. तुजं चांगलं झालेलं मला बघवलं न्हाई."

घरातून नानीबाई बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती शिवशंकरकडे न बघता आत गेली आणि देव्हाऱ्यातून काहीतरी घेऊन आली. हातभर लांबीची नळी. तिच्यावर कुंकवाचा वाळलेला डाग होता. माळ आता नव्हती, त्यामुळे नळीला वरपासून खालपर्यंत पाडलेली बारीक भोकं दिसत होती.

शिवशंकर बघतच राहिला. ती फुंकणी! ज्या वस्तूला त्यानं स्वतःच्या अंगठ्यानं कुंकू लावलं होतं, तीच! ही नळी ड्रमच्या पोटात उभी राहणार, हळदीच्या ढिगात आतून वाफ सोडणार, तेव्हा कुठे घेरदार ड्रमचा गाभा शिजणार. सगळा शोध पाटावर झेंडूच्या माळेत मांडलेला होता आणि तो कडीचा फोटो काढत बसला होता!

"ही पहिली जमलेली नळी," नानीबाई म्हणाली. "पूजा झाली तसं म्या हिला माघारी दिलं न्हाई. इकासनं नवी केली. देवापुढं ठिवली व्हती. घे."

"याडी!" विकास ओरडला.

"माजी हळद नासली तवा मला ठाऊक हाय कसं वाटतं. तिची काहून नासवू? भांडान तुमचं हाय, तिचं काय?"

विकासनं हातातला ग्राइंडर खाली ठेवला. मग कपाळ पुसत म्हणाला, "बुडाला भोक ठिवलंय का तू?"

"ठिवलं हाय. पण..." शिवशंकर अडखळला. "त्याला बूच मारलं."

विकासला हसू आवरेना. "अरे, भोकाची बी नक्कल केली आन् त्यालाच बूच मारलं! नळी बसायची जागा हाय ती. आन् कडी कशाची समजला तू?"

"वाफेची."

"याडीची शेळी बांधायला लावली ती!" विकास हसता हसता खाली बसला. "अंगणात कुकर उभा, शेळीला जागा न्हाई. रोज किटकिट करायची, म्हनून एक दिवस कडी मारून दिली."

नानीबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. शिवशंकरला हसावं की रडावं कळेना. शेवटी दोन्ही झालं.

विकास स्वतः हट्ट्याला आला. बूच काढलं, नळी बसवली. नक्कल इतकी तंतोतंत होती, की नळी पहिल्याच खेपेला जागेवर बसली. भट्टी पेटली. पहिला ड्रम उतरला तशी माणसं पुढे सरकली. गोजरबाईनं मधल्या थरातलं हळकुंड काढलं, फुंकर घालून निववलं, मोडलं. काठापासून गाभ्यापर्यंत एकसारखं केशरी! तिनं डोळे मिटून वास घेतला.

"शिवा, कुकर तर तुजाच हाय. मग काल काय झालं व्हतं?"

भोवती गावातली माणसं होती. एखादा वॉशर ढिला होता, असं सांगून सुटता आलं असतं. शिवशंकरनं विकासकडे पाहिलं. विकास मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

"अक्का, कुकर माजा न्हाई," शिवशंकर म्हणाला. "विकासचा हाय. खंडेनवमीला त्याच्या अंगणात जाऊन म्या चोरला. सरांनी सांगितलं व्हतं कुनाच्या शेतावर नेऊ नको, तरी तुज्या शेतावर आनला. त्याचं नाव झालेलं माज्या डोळ्यांत खुपत व्हतं."

गोजरबाई भावाकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "दुसऱ्याचा कुकर असता तर म्या पहिलाच ड्रम मोडून बघितला असता. तुजा म्हनून बघितला न्हाई."

तिनं चहा आणला आणि पहिला कप विकासच्या हातात दिला. शिवशंकरला वाटलं, तिनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

उरलेली हळद वाचली. नासलेली हळद शिवशंकरनं आपल्या ट्रॉलीत भरली आणि चांगल्या हळदीच्या भावानं तिचे पैसे बहिणीला भरून दिले. सृष्टी पावसाळ्यात नर्सिंगला गेली. गोजरबाई भावाशी बोलायला लागली, पण त्यानं आणलेला पेरूसुद्धा ती आधी चिरून बघू लागली. त्याला ते सोसावं लागलं.

विकासबरोबर रत्नपाल सरांसमोर करार झाला. शिवशंकरनं विकासच्या परवानगीनं कुकर बनवायचे, प्रत्येक कुकरमागे विकासचा वाटा द्यायचा, आणि वर विकासच्या नावाची पट्टी लावायची. विकासला एकट्याला एवढे कुकर बनवणं झेपत नव्हतंच; शिवशंकरचा वेल्डिंगचा हात त्याला हवा होता. लोक आता दोन्ही दुकानांत जातात. शिवशंकरच्या दुकानाच्या एका कोपऱ्यात मात्र नवीनच पसारा दिसतो. धुरांड्यातून फुकट जाणाऱ्या गरम हवेवर हळकुंडं वाळवता येतील का, हे तो करून बघतोय. पहिल्या खेपेला हळकुंडं करपली. दुसऱ्या खेपेला पत्रा वाकला. मंजुषा म्हणाली, "गेट-जाळीची कामं सोडून हे काय करून राहिलात?" तेव्हा तो खो-खो हसला. समोरच्या दुकानात काही वर्षांपूर्वी हेच चाललं होतं, आणि आपण रस्त्याच्या या बाजूला बसून चहा पाजत होतो, हे त्याला आठवलं.

मत्सर पार गेला का? छे! विकासची दुसरी मुलाखत आली तेव्हा शिवशंकरच्या पोटात पुन्हा दुखलं. पण या वेळी तो शटरच्या सावलीत बसला नाही. उठून कोपऱ्यातल्या पसाऱ्याकडे गेला आणि नवा पत्रा कापायला घेतला.

पुन्हा खंडेनवमी आली. नानीबाई प्रसाद घेऊन शिवशंकरकडे आली. पाटावर हातोड्या, पाने, होल्डर मांडले होते आणि मधोमध, झेंडूच्या माळेत, एक जाडजूड लोखंडी कडी, त्याच्या त्या पहिल्या कुकरवरून कापून काढलेली.

"बापू, ही काहून पुजली?" नानीबाईनं विचारलं. "ही तर शेळीची!"

"मावशी, तुमी फुंकणी पुजली, कारन तिच्यात तुमच्या लेकाची अक्कल व्हती," शिवशंकर म्हणाला. "ही कडी म्या पुजतो, कारन हिच्यात माजी अक्कल हाय. दर साली डोळ्यांपुढं असावी."

बंधूंनो आणि भगिनींनो, अशी एकेक कडी आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात सापडेल. दुसऱ्याचं चांगलं बघून आपण त्याचा घेर मोजतो, उंची मोजतो. त्यानं सोसलेली वर्षं मात्र मोजत नाही, आणि नेमकी तीच आपल्या नकलेत राहून जातात. कुणाचं काही आवडलं, तर त्याच्या दारात जाऊन उभं राहावं, मागावं, त्याच्या कष्टांचा वाटा त्याला द्यावा. ज्या गावात पहिला फसणारा जगतो, त्याच गावात नवं काही जन्माला येतं.

नानीबाईनं कुंकवात अंगठा बुडवला आणि कडीला लावला. मग कडी उचलून हातात तोलून पाहिली.

"मजबूत केलीस बापू," ती म्हणाली. "पूजा झाली की मला दे. दुसरी शेळी आनलीय."